नाल्याच्या अलीकडून लिहिलेला अहवाल

माझ्या सगळ्या नोकरीचा अर्क काढला तर एकच प्रश्न उरतो. ‘हा माणूस परत आला तर चालेल का?’ एकोणतीस वर्षं मी हा प्रश्न लोकांच्या अंगणात, गोठ्यात, शेताच्या बांधावर, एकदा तर लग्नाच्या मांडवात उभी राहून विचारला. मी प्रोबेशन ऑफिसर होते. हे पद बहुतेकांना ठाऊक नसतं. माझ्या सख्ख्या आत्येला शेवटपर्यंत वाटत होतं की मी स्वतःच प्रोबेशनवर आहे आणि मला अजून कायम केलेलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. जन्मठेपेच्या कैद्याने ठरावीक वर्षं काढली की त्याची शिक्षा कमी करून त्याला सोडायचं का, याचा विचार होतो. सोडाच असा हक्क त्याला नसतो, पण विचार नीट व्हावा असा हक्क असतो. त्यासाठी एक मंडळ बसतं आणि मंडळापुढे कागद जातात. तुरुंगाचा कागद सांगतो, आत कसा वागला. पोलिसांचा सांगतो, बाहेर काय होईल. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत असतं. आणि एक कागद आमचा असतो, घरचा अहवाल. आम्ही त्याच्या गावी जातो, घरच्यांना भेटतो, ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांना भेटतो, आणि शेवटी ‘शिफारस आहे’ किंवा ‘शिफारस नाही’ असं लिहून सही करतो. मंडळातल्या कुणीही त्या माणसाचं घर पाहिलेलं नसतं. त्यांच्या वतीने ते आम्ही पाहायचं असतं.

आमचा जिल्हा कर्नाटकातला, लांबलचक, आणि त्यात जोयडा तालुका म्हणजे सगळं जंगल. कागदावर एक गाव दिसतं आणि प्रत्यक्षात त्याच्या वाड्या चार डोंगरांवर पसरलेल्या असतात. मी मूळची रामनगरची, माझे आजोबा खानापूरकडून आलेले, त्यामुळे मला इथली मराठी, कोंकणी, कानडी तिन्ही समजतात. या एका कारणासाठी जोयड्याची प्रत्येक फाईल साहेब माझ्या टेबलावर टाकत.

माणसं एकेक भेटायची. नंदिगड्ड्याच्या बाजूला एक म्हातारे होते. मुलाला सोडायला हरकत नाही ना, असं विचारलं तर म्हणाले, “हरकत न्हाई, पर सुपारी काडायच्या आदी सोडा. मागनं सोडून काय उपेग?” रामनगरमधली एक बाई म्हणाली, “आत हाय तवर म्हयन्याला पत्र तरी येतंय. घरात व्हता तवा वरसातनं दोन शब्द बोलत नव्हता.” मी तिला विचारलं, मग काय लिहू? तर म्हणाली, “सोडा म्हणून लिवा, पर पत्रं लिवायची अट घाला.”

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. गणेशगुडीजवळच्या एका माणसाची मी फार मनापासून शिफारस केली होती. घर चांगलं, भाऊ समंजस, वागणूक स्वच्छ. सुटून आल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याने त्याच समंजस भावाचं डोकं फोडलं. भाऊ वाचला. पण माझी सही असलेला कागद साहेबांनी माझ्यासमोर धरला आणि सहीवर बोट ठेवलं. तेव्हापासून ‘शिफारस आहे’ लिहिताना माझं पेन अडखळायला लागलं. ‘नाही’ लिहिलं की कुणी जाब विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे जी गोष्ट घडली तिची सुरुवात मी तिथूनच धरते.

ही गोष्ट सोमाची. नावं बदलली आहेत आणि वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. बाजारकुणंगच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत सहा घरांची कुणबी वस्ती आहे, एवढं पुरे.

सोमा अठ्ठावीस वर्षांचा असताना त्याच्या हातून त्याचा चुलतभाऊ बाबलो मेला. दोघांची घरं समोरासमोर, शेतं शेजारी, आणि डोंगरातून येणारा पाण्याचा पाट एक. उन्हाळ्यात पाणी पाळीपाळीने घ्यायचं. एका दुपारी पाळीवरून बोलाचाली झाली, शिव्या झाल्या, आणि सोमाच्या हातात कोयता होता. एकच घाव. बाबलोच्या मागे त्याची बायको शेवंती आणि दोन लहान मुली राहिल्या. सोमा स्वतः डोंगर उतरून गेला आणि पोलिसांपुढे बसला. कोर्टातही त्याने कधी नाही म्हटलं नाही. जन्मठेप झाली.

तो आत सोळा वर्षं काढून बसला होता तेव्हा त्याची फाईल माझ्याकडे आली. जुलै महिना होता. माझ्याकडे त्या आठवड्यात अकरा फाईली होत्या आणि जीप दोनच दिवस मिळाली होती. ग्रामपंचायतीच्या गावापर्यंत डांबरी रस्ता होता. पुढे चार किलोमीटर मातीचा, आणि मग नाला. नाल्यावर पूल नव्हता, झाडाचे दोन ओंडके टाकलेले असायचे. त्या दिवशी ओंडके पाण्याखाली होते. मी जीपमधून उतरले, छत्री उघडली, पाणी पाहिलं आणि परत जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, दोन दिसांनी वसरंल.” दोन दिवसांनी जीप दुसऱ्या कुणाकडे असणार होती.

परत येताना आम्ही गावातल्या चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे चार माणसं बसली होती. मी विचारलं, सोमा परत आला तर? सरकारी जीप पाहिली की माणसं जपून बोलतात. एक म्हणाला, “कशाला उगंच? रगत सांडंल परत.” दुसरा म्हणाला, “त्या बाईला काय वाटंल? तिच्या डोळ्यापुढं फिरनार न्हवं ह्यो?” बाकीच्यांनी माना हलवल्या. मी लिहून घेतलं.

ऑफिसात आल्यावर मी अहवाल केला. आमच्या अहवालाला एक ठरलेली सुरुवात असे, ती जुन्या फाईलवरून उतरवायची: ‘समक्ष गावी भेट देऊन, मयताच्या नातेवाइकांशी व ग्रामस्थांशी चर्चा करून…’ ती मी उतरवली. खाली लिहिलं, ‘मयताच्या पत्नीचा सुटकेस तीव्र विरोध आहे. सुटका झाल्यास शांतताभंग संभवतो. शिफारस नाही.’ सही केली. दुसरी फाईल उघडली. हे मी आज जितक्या सहज लिहिते आहे तितक्याच सहज तेव्हा लिहिलं होतं.

पुढच्या जानेवारीत एक बाई ऑफिसात आली. पन्नाशीची, सडपातळ, पाय धुळीने भरलेले. पहाटेची बस धरून जोयड्याहून आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेलं एक पत्र. तिने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. मग तिने पत्र टेबलावर ठेवलं.

“मी सोमाची भन, जानकी. आमच्या तम्माचा अर्ज फेटाळला म्हणून लिवून आलंय. वाचा.”

धाकट्या भावाला आमच्याकडे कानडीसारखंच तम्मा म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस तिच्यासाठी अजून तम्मा होता. मी पत्र वाचलं. एकाच वाक्याचं कारण होतं: प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवाल प्रतिकूल असल्याने विनंती अमान्य. बाकी सगळे कागद त्याच्या बाजूचे होते, अगदी पोलिसांचासुद्धा. तुरुंगाने तर त्याच्या सुतारकामाचं कौतुक केलं होतं.

मी म्हणाले, “बाई, आम्ही गावात चौकशी केली. लोकांचं म्हणणं तसं होतं.”

“कुठल्या गावात?”

मी पत्राची घडी घालायला लागले.

“तुमी जीपमदनं उतरलासा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “काळी छत्री उघडलासा. पानी बगितलासा आनि परत बसलासा. मी पल्याड व्हते. साहेब येनार म्हणून पंचायतीनं सांगितलेलं, तर मी सकाळधरनं उभी. हात केला, आरडले. पान्याचा आवाज लई व्हता.”

इरलं पांघरून पलीकडे कुणीतरी उभं होतं, हे मला आठवत होतं. ते मी तेव्हाही पाहिलं होतं. शेतात जाणारं कुणीतरी असेल असं स्वतःला सांगून मी दार लावून घेतलं होतं.

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “आता ह्येच्यावर अपील कुटं करायचं?”

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण फार थोड्यांना माहीत असतं. अशा नकारावर साधं अपील नसतं. पण नकार चुकीच्या माहितीवर दिला असेल तर हायकोर्टात दाद मागता येते. ऐपत नसलेल्याला सरकारच फुकट वकील देतं, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात एक अर्ज द्यावा लागतो. मी तो अर्ज तिला लिहून दिला. माझ्याच कागदाविरुद्धचा अर्ज माझ्याच अक्षरात. अंगठा उमटवताना ती म्हणाली, “अक्षर बेस हाय तुमचं.”

फेब्रुवारीत मी रजा काढली आणि बसने गेले. गाव ते नाला चार किलोमीटर चालले. नाल्यात घोटाभर पाणी होतं. पलीकडे चढ चढायला पाऊण तास लागला. जानकी पुढे होती, दर वळणावर थांबून माझ्यासाठी वाट पाहत होती.

घरात सोमाची आई होती. डोळे गेलेले. पावलं ऐकून तिने विचारलं, “जानके, संगट कोन हाय?” जानकी म्हणाली, “ऑफिसच्या मॅडम.” म्हातारीने हात पुढे केला, माझं मनगट चाचपलं आणि सोडलं. “बाईमाणूस हाय,” ती म्हणाली. “मला वाटलं तम्मा आला.” एवढंच बोलून ती परत भिंतीला टेकली.

मग मी एकटी समोरच्या घरी गेले. शेवंती ओसरीवर सुपारी सोलत बसली होती. तिने मला पाहिलं, बसायला पाट सरकवला आणि हातातलं काम चालू ठेवलं. मी म्हणाले, सोमाला सोडण्याबद्दल तुमचं म्हणणं विचारायला आले आहे.

“आता?” ती म्हणाली. “माझं म्हननं तर तुमी आदीच लिवलंय म्हणं. काय लिवलंय?”

“तुमचा तीव्र विरोध आहे, असं.”

“तीव्र म्हंजे?”

“फार. खूप.”

तिने एक सुपारी सोलून टोपलीत टाकली, दुसरी घेतली. “मला कुनी इचारलं न्हाई. सोळा वरसांत कुनी न्हाई. कोर्टात बी इचारलं ते, ह्यो कोयता वळखतीस काय, एवडंच.”

“मग आता विचारते.”

टोपलीत सुपारी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

“मी त्येला माफ केलेलं न्हाई,” ती म्हणाली. “ते पैलं लिवा. जनमभर करनार न्हाई. पर त्यो आत बसून माझं काय व्हतंय? माझा घोव येनार हाय काय परत? पोरी हुत्या, त्येंची लगनं झाली. आता ही समोरासमोर दोन घरं, आनि दोन घरांत तीन बायका. ती म्हातारी रोज तिनीसांजंला माझ्याच वसरीवर येऊन बसती. माझा मानूस तिच्या पोरानं मारला, आनि तिचं तोंड बगून मी तिला पेज देती. कुनी सांगितलं न्हाई द्यायला.” ती थांबली. “येऊ दे त्येला. फकस्त माझ्या अंगनात पाय ठेवायचा न्हाई. येवडं लिवा. आनि मॅडम…”

“बोला.”

“मी न बोललेलं माझ्या नावानं लिवू नका.”

माझ्या नोकरीत मला वरिष्ठांनी पुष्कळ समज दिल्या. त्यांतली एकही मला आज शब्दशः आठवत नाही. ही आठवते.

मी परत आले आणि पुरवणी अहवाल करून पाठवला. तीन आठवड्यांनी तो परत आला. ‘निर्णय झालेल्या प्रकरणात पुरवणी अहवालाची तरतूद नाही.’ तोपर्यंत जानकीचा अर्ज धारवाडच्या हायकोर्टात पोचला होता आणि हेगडे नावाचे एक वकील नेमले गेले होते. साठीतले, कानाला जरा कमी ऐकू येणारे, फुकटच्या केसेससुद्धा विकतच्यासारख्या लढणारे. मी त्यांना फोन करून सगळं सांगायला गेले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. “मॅडम, तुम्ही समोरची बाजू आहात. मला काही सांगू नका. कोर्ट विचारेल तेव्हा कोर्टाला सांगा.”

कोर्टाने विचारलं ते आमच्या पद्धतीने. सरकारविरुद्ध केस झाली की अर्जाची प्रत ऑफिसात येते आणि त्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर आम्ही उत्तर लिहून द्यायचं असतं. हे उत्तर लिहिणं म्हणजे एक वेगळीच कला. ‘परिच्छेद एक ते तीन अभिलेखाचा भाग असल्याने भाष्य नाही. परिच्छेद चार नाकारण्यात येतो. परिच्छेद पाच नाकारण्यात येतो.’ सरकारी नोकरीत माणूस ‘नाकारण्यात येतो’ जितक्या वेळा लिहितो तितक्या वेळा बहुधा स्वतःचं नावही लिहीत नसेल.

सोमाच्या अर्जातला सहावा परिच्छेद असा होता: संबंधित अधिकारी वस्तीवर गेल्याच नाहीत व मयताच्या पत्नीस भेटल्या नाहीत.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला.

“मॅडम, सहाव्याला काय लिहिताय?”

“खरं आहे, असं.”

“पंधरा महिने राहिलेत तुमचे.” त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. “मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. दोन शब्द लिहा, ‘नाकारण्यात येतो.’ कोर्टाला वाटलं तर कोर्ट त्याला सोडेलच ना? तुमच्या लिहिण्याने तो सुटेलच असं नाही. पण तुमच्या लिहिण्याने तुम्ही अडकाल एवढं नक्की. खातं अडकेल. तुमच्या बाकीच्या अहवालांवर उद्या प्रत्येक वकील बोट ठेवेल.”

त्यांचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं. बाकीचे अहवाल. मी घरी जाऊन आठवत बसले, आणखी किती नाले, किती टपऱ्या. दोन आठवले. त्यांतल्या एकात मी ‘शिफारस आहे’ लिहिलं होतं, तो माणूस आता नीट राहतो. दुसऱ्यात ‘नाही’ लिहिलं होतं, आणि तो माणूस त्यानंतर वर्षभराने आतच आजारपणात गेला. त्याच्याबद्दल मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. हे लिहून मला हलकं वाटत नाहीये, पण ते वगळलं तर हा लेखही नाल्याच्या अलीकडूनच लिहिल्यासारखा होईल.

मी सहाव्या परिच्छेदाचं उत्तर चार ओळींत लिहिलं. ‘हे खरे आहे. नाल्याला पाणी असल्याने मी वस्तीवर गेले नाही. मयताच्या पत्नीशी बोलले नाही. तिच्या विरोधाबाबतचे वाक्य तिचे नसून माझे आहे.’ आणि सोबत फेब्रुवारीत लिहून घेतलेलं शेवंतीचं म्हणणं जोडलं, तिने सांगितलं तसं, ‘माफ केलेले नाही’ हे सगळ्यांत वर.

साहेबांनी ते वाचलं, पुढे पाठवलं. अडवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीने चालतं. तारीख पडली, पुढे गेली. पुन्हा पडली, सरकारी वकील बदलले. पाऊस आला आणि गेला. प्रत्येक तारखेनंतर जानकी डोंगराच्या माथ्यावर चढून, नेटवर्क मिळेल तिथे उभी राहून मला फोन करायची. “काय झालं, मॅडम?” मी सांगायचे, पुढची तारीख. ती म्हणायची, “बरं,” आणि खाली उतरायची.

ऑक्टोबरात असाच फोन आला. मी तिच्या आधीच सांगून टाकलं, “अजून काही नाही, जानकीबाई.”

“त्येच्यासाटनं न्हाई केला,” ती म्हणाली. “आई गेली परवा. तम्माला पोलीस घेऊन आलते. अग्नी दिला आनि गेला परत.”

माझ्या अहवालाने त्याची किती वर्षं खाल्ली याचा हिशेब तोवर मी टाळत आले होते. त्या दिवशी कळलं की हिशेब वर्षांचा नव्हताच. म्हातारी चाचपत होती ते मनगट माझं निघालं होतं, आणि आता दुसरं येणार नव्हतं.

डिसेंबरात सुनावणी झाली. मी स्वखर्चाने गेले आणि मागच्या बाकावर बसले. सोमा नव्हता, अशा कामात कैद्याला आणत नाहीत. जानकी आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती. हेगडे वकील फार थोडं बोलले. त्यांनी माझं उत्तर न्यायमूर्तींपुढे ठेवलं आणि म्हणाले, “यापुढे माझ्याकडे वाद घालायला काही उरलेलं नाही.”

न्यायमूर्तींनी ते वाचलं. सरकारी वकिलांना विचारलं, “हे उत्तर तुमच्याच बाजूचं आहे ना?” कोर्टात जरा हसू पसरलं. मग विचारलं, “या अधिकारी हजर आहेत?”

मी उभी राहिले.

“‘चर्चा करून’ असं का लिहिलंत?”

“जुन्या अहवालावरून उतरवलं, मायलॉर्ड.”

“आणि ‘तीव्र विरोध’?”

“तेही मीच ठरवलं.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघून आदेश सांगायला सुरुवात केली. नकार रद्द. दुसऱ्या अधिकाऱ्याने वस्तीवर जाऊन नव्याने चौकशी करावी आणि मंडळाने मुदतीत पुन्हा निर्णय द्यावा. माझ्याबद्दल एक वाक्य होतं: अधिकाऱ्यांनी बेपर्वाईने काम केलं, पण ते स्वतः मान्य केलं, याची नोंद घेतली जाते. जानकीला इंग्रजीतलं काहीच कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर हेगडे वकिलांनी तिला कानडीत समजावलं. ती त्यांना म्हणाली, “म्हंजे सुटला?” ते म्हणाले, “अजून नाही. पण आता कुणीतरी नाला ओलांडेल.”

मला नोटीस मिळाली. सेवापुस्तकात शेरा पडला. निवृत्त होताना निरोप समारंभ झाला, नारळ-शाल झाली, भाषणांत शेऱ्याचा उल्लेख अर्थातच कुणी केला नाही. मीच केला. सगळे अवघडले. पण मला वाटतं, सगळ्या नोकरीत माझ्याविषयी लिहिलेल्या कागदांपैकी तोच एक प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलेला होता.

नवा अधिकारी वस्तीवर गेला. शेवंतीने त्यालाही तेच सांगितलं म्हणे, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. मंडळाने या वेळी होकार दिला. सोमा सुटला तेव्हा त्याची अठरा वर्षं होऊन गेली होती.

मी त्याला भेटायला गेले ते निवृत्तीनंतर, भात कापणीच्या दिवसांत. मला कुणी पाठवलं नव्हतं. त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, ती सांगायची होती. जानकीने त्याला इतकंच सांगितलं होतं की एका मॅडमनी मदत केली.

तो अंगणात दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. पांढरे केस, रुंद मनगटं. मला पाहून झटकन उभा राहिला, हात शरीराला चिकटवून. बसा म्हटलं तरी बसला नाही, दुसऱ्यांदा म्हटल्यावर बसला. जानकी आत चहा ठेवायला गेली.

मी त्याला सगळं सांगितलं. जुलै, छत्री, टपरी, उतरवलेलं वाक्य. तुझा अर्ज फेटाळला तो माझ्यामुळे. तुझी आई गेली तेव्हा तू आत होतास तेही माझ्यामुळे. मदत मी नंतर केली.

तो लाकडाच्या भुशाकडे बघत होता. आत जानकीने भांडी वाजवणं थांबवलं होतं.

“रागावलास तर मला चालेल,” मी म्हणाले. “रागवायला हवंच.”

“आलाय राग,” तो म्हणाला. त्याची मराठी तुरुंगातल्या कानडीने जरा जड झाली होती. “आई सारकी डोळ्यापुढं येती.”

त्याने रंधा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मी उठावं का असा विचार करत होते.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी कसं सांगितलासा ह्ये?”

मला प्रश्न कळला नाही.

त्याने मान वळवून समोरच्या घराकडे पाहिलं. शेवंतीचं दार उघडं होतं. अंगणात धान वाळत घातलेलं होतं. “चार म्हयनं झालं येऊन. रोज दिसती. अठरा वरसं आत हुतो, रोज मनात बोलत हुतो तिच्यासंगं. आता समोर हाय तर तोंडच उघडत न्हाई. तुमी घरातनं निगालासा, बशीत बसलासा, येवडा चढ चढून आलासा. वाटंत परत फिरावंसं वाटलं न्हाई?”

“नाल्यापाशी वाटलं,” मी म्हणाले. “दोनदा.”

“मंग?”

“मग आले.”

त्याने मान हलवली. चहा आला, आम्ही प्यालो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. निघताना तो मला नाल्यापर्यंत सोडायला आला, पुढे चालत, वाटेवर आलेल्या फांद्या बाजूला धरत.

पंधरा-वीस दिवसांनी जानकीचा फोन आला. वारं लागत होतं, म्हणजे ती माथ्यावर चढली होती.

“मॅडम, तम्मा काल गेलता. शेवंतीकडं.”

“आत गेला?”

“न्हाई, अंगनाच्या भायेर उबा राहिला. मी हितनं बगत हुते. ती आत चुलीपाशी. त्यो बोलला. लई न्हाई बोलला, पर बोलला. रडत बी न्हवता. मंग उबाच.”

“ती बाहेर आली?”

“न्हाई. त्यो परत फिरनार, येवड्यात आतनंच तिचा आवाज आला.”

“काय म्हणाली?”

फोनमध्ये नुसतं वारं ऐकू येत होतं. मला वाटलं, लाईन गेली.

“‘ऐकलं,’ म्हणाली,” जानकीने सांगितलं. “येवडंच. ‘ऐकलं.’”